साडीच्या खोक्यांतली पृथ्वी

पृथ्वीची तब्येत कशी आहे, याची रोज सकाळी चौकशी करणारी बाई अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे, आणि ती तुमच्या आजोबांची धाकटी बहीण आहे. तुम्ही तिला आत्याआजी म्हणता, मी वन्सं म्हणते. डोंबिवलीतली बाकीची माणसं सकाळी उठून पाणी आलं का, लाइट आहे का एवढंच बघतात. वन्संना मात्र पृथ्वीचं चुंबकत्व रात्री नीट झोपलं की नाही, हे हवं असतं. त्यांचा फोन आला की 'कशा आहात' वगैरे काही नाही. "वहिनी, काल फार शांत होतं हो," अशी सुरुवात होते, आणि हे डोंबिवलीबद्दल नसणार, एवढं मला आता कळतं.

त्यांची सगळी नोकरी समुद्राकाठच्या एका सरकारी वेधशाळेत गेली. तिथे काळोख्या खोलीत बारीक धाग्याला लोहचुंबक टांगलेला असे. त्याच्याबरोबर हलणाऱ्या आरशावरून उजेडाचा ठिपका फोटोच्या कागदावर पडे आणि दिवसभरात एक रेघ उमटे. सूर्य शांत असला की रेघही संथ. सूर्यावर वादळ झालं की त्याचा धक्का इथवर पोचतो आणि रेघ वेडीवाकडी नाचते. तो कागद रोज बदलायचा, धुवायचा, वाळवायचा, हे वन्संचं काम. त्या खोलीत लोखंड औषधालाही चालत नसे, म्हणून पदराला सेफ्टीपिन नाही, केसांत आकडा नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या पदर अजून सुईदोऱ्यानेच ब्लाउजला टाचतात. तुमच्या आईबाबांच्या लग्नात घाईघाईने टाके घालताना त्यांनी शेजारी बसलेल्या विहीणबाईंचा, म्हणजे तुमच्या नागपूरच्या आजीचा, पदरही त्यात शिवून घेतला. अक्षता टाकायला दोघी जोडीनेच उठल्या.

पुढे वेधशाळेत नवी यंत्रं आली आणि जुन्या कागदांचा एक जादा संच निकालात निघाला. काही वर्षांचे मूळ कागद ओल लागून गेलेले, त्या वर्षांचं एवढंच काय ते उरलेलं. वन्संनी रीतसर परवानगी काढली आणि सगळं घरी आणलं. पत्र्याच्या ट्रंकेत, म्हणजे लोखंडातच, ठेवायला मन घेईना. मग त्यांच्या लक्षात आलं की साडीच्या खोक्यात तो कागद न दुमडता मावतो. तेव्हापासून त्यांना साडी देणं हा एक प्रसंगच झाला. मी एकदा चांगली पैठणी दिली, तर त्यांनी खोकं उघडून साडी अलगद माझ्या हातात परत दिली. "साडी राहू दे वहिनी, खोकं मात्र छान आहे."

घरातही त्यांनी काचेच्या बरणीत आरसा चिकटवलेला लोहचुंबक टांगून एक छोटं यंत्र केलं होतं. भिंतीवर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याची जागा त्या रोज कागदावर मांडत. एका दुपारी फोन आला.

"वहिनी, सूर्य पेटलाय! ठिपका कुठच्या कुठे गेलाय!"

संध्याकाळी पुन्हा फोन. आवाज एकदम खाली.

"सूर्य नव्हता हो. पलीकडच्यांनी भिंतीला लागून गोदरेजसारखं लोखंडी कपाट ठेवलंय."

"मग टाका खोडून," मी म्हटलं.

"खोडू कशी? ठिपका हलला हे तर खरंच ना!" आणि त्यांनी त्या दिवसापुढे शेरा लिहिला: शेजारी कपाट आले. चुकलेला आकडा खोडायचा नाही, शेजारी कारण लिहायचं, हा त्यांचा धर्म. पलीकडच्या त्या शेजाऱ्याने नंतर विचारलंही, "मावशी, ते सूर्याचं वादळ आलेलं ना, त्यानेच माझा फ्रिज बंद पडला काय?" वन्सं म्हणाल्या, "नाही रे, तुझा फ्रिज म्हातारा झालाय."

गेल्या वर्षी त्यांची इमारत पुनर्विकासाला निघाली. दिवाळीच्या आत घर रिकामं करायचं, आणि भाड्याचं घर एका खोलीचं. कागद पिवळे पडून कडा सुटायला लागलेल्या. ते गेले असते तर त्या वर्षांची पृथ्वी कायमची पुसली गेली असती. सोसायटीचे सेक्रेटरी चांगल्या मनाने म्हणाले, "ताई, रद्दीवाल्याला मी सांगून ठेवू का?" वन्सं मला फोन करून रडल्या. तुमचे आजोबा गेले तेव्हाही त्या माझ्यासमोर रडल्या नव्हत्या.

मी टेम्पो पाठवला. घोडबंदर रोडच्या त्या वाहतुकीतून पृथ्वी दुपारभर रखडत आमच्याकडे आली आणि तुम्ही आलात की झोपता त्या तुमच्या खोलीत उतरली. रागावू नका, बाळांनो, तुमचे पलंग भिंतीला उभे केले.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. उलट्या स्टुलाला फोन बांधला, खाली पांढरी चादर, कागदाशेजारी पट्टी, आणि एकेक फोटो. नावं, तारखा, क्रम हे माझ्याकडे. "वहिनी, तुमच्या शिस्तीला आज खरं काम मिळालं," असा टोमणाही मिळाला. डागाळलेले, अर्धे कोरे कागद मी बाजूला काढू लागले, तर वन्संनी माझा हात धरला. एकावर त्यांच्याच अक्षरात होतं: दिवा विझला, चूक माझी.

"हा तरी वगळू या," मी म्हटलं.

"कोणाला काय उपयोगी पडेल, हे आपण कोण ठरवणार? राहू दे. चूक पण माझीच आहे ना, कोणाची चोरली नाही."

एका संशोधन संस्थेने ते सगळे फोटो जगाला दिसतील असे इंटरनेटवर ठेवायचं कबूल केलं आणि कागदही सांभाळायला नेले. कोणाला वापरू द्यायचं, असं संस्थेने विचारलं. वन्संनी लिहिलं, सगळ्यांना.

"निदान विचारून तरी घ्यावं लोकांनी," मी म्हटलं.

"अहो, विचारायला लावलं की अर्धी माणसं संकोचून परत जातात."

आता खोली रिकामी आहे, पलंग पुन्हा घातलेत. खोक्यांतल्या डांबरगोळ्यांचा वास तेवढा जात नाही. वन्सं रविवारी येतात आणि आल्या आल्या माझ्या टॅबवर त्या फोटोंचं पान उघडतात. किती जणांनी फोटो उतरवून घेतले, तो आकडा तिथे दिसतो.

"कोणीतरी नेलंय हो!"

"कोणी?"

"ते नाही कळत."

"कशाला?"

"तेही नाही." आणि चेहरा असा, की जणू घरात बारसं आहे.

परवा मात्र पान मिटून त्या खिडकीशी गेल्या आणि खाली वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "सगळं मनासारखं झालं वहिनी. एकच वाटतं. कोणी घरी येऊन नेलं असतं, तर चहा तरी पाजला असता."

मी उठले आणि आम्हा दोघींचा चहा टाकला.