टबातली शाळा

उन्हाळा जवळ आला की लोकांच्या घरी पंखे पुसले जातात, गाद्यांना ऊन दाखवलं जातं. त्याच्या घरी अंघोळीचा टब बंद व्हायचा. नळ बिघडायचा असं नाही, टबात कुणीतरी राहायला यायचं. मागच्या वर्षी कासव होतं. या वर्षी तळ्यावरच्या सहलीहून बेडकांच्या अंड्यांचा बुळबुळीत लगदा आला, आणि तो आला त्याच्या जेवणाच्या डब्यातून.

"दुसरं झाकणाचं भांडं नव्हतं," बायको म्हणाली. "आणि डबा काय, धुतला की झाला."

हे तिनं कुणाला सांगावं? हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत जो पाळीप्रमुख आहे, त्याला. गाड्या भरभरून चादरी यायच्या, आणि त्या उलगडल्या की माणसं रात्रभर काय काय करतात याची त्याला नको तितकी माहिती व्हायची. यंत्रातून निघालेली चादर नाकाशी धरल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नसे. कामगार त्याला मागे ‘नाकवाले साहेब’ म्हणायचे. त्याला ते ठाऊक होतं आणि त्यात काही गैर वाटत नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याचं एक मत पक्कं झालं होतं, की माणूस हा मुळात गळका प्राणी आहे. घराकडून त्याची अपेक्षा एवढीच होती की तिथे काही गळू नये, सडू नये आणि वळवळू नये.

अशा माणसानं अशा बाईशी लग्न का केलं, हे विचारण्यात अर्थ नाही. लग्नाच्या वेळी ती नकाशे छापणाऱ्या कचेरीत होती आणि तिचे हात स्वच्छ होते. पुढे थोरली शाळेत जाऊ लागली. एका पालकसभेत वर्गशिक्षिका गोड हसून म्हणाल्या, "तुमची मुलगी फार प्रश्न विचारते हो, बाकीच्यांचा वेळ जातो." बायको तिथे अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मुलीचं नाव काढलं, धाकट्याचं घातलंच नाही, आणि घरी शाळा सुरू केली. या शाळेला घंटा नव्हती, गणवेश नव्हता, पुस्तकं नावापुरती होती. नियम एकच होता, पण तो लोखंडी होता. मुलांना उत्तर सांगायचं नाही, त्यांचं त्यांना सापडू द्यायचं.

ऐकायला नियम छान होता. नांदायला तो असा, की धाकटा आठवडाभर डावा बूट उजव्या पायात घालून लंगडत होता आणि घरातली दोन मोठी माणसं मूग गिळून बघत होती. दूध उघड्यावर ठेवलं तर काय होतं, हे त्या दुधालाच सांगू दिलं गेलं, आणि ते दूध स्वयंपाकघराच्या खिडकीत बरेच दिवस सांगत होतं.

मागच्या अंगणात गाजराचा वाफा केला, तेव्हाही हेच झालं. मुलांनी ओळी आखून बी पेरलं. रोपं वर आली, आणि एका दुपारी दोघांनी मिळून तण काढलं. संध्याकाळी तो कामावरून आला आणि वाफ्याजवळ थबकला. गवतासारखी बारीक, केसाळ पाती दिसली ती सगळी उपटून ढीग घातला होता. ती गाजरं होती. आणि रुंद पानांचं, चांगलं दांडगं तण ओळीनं मोकळ्या मातीत दिमाखात उभं होतं. धाकटा त्याला झारीनं पाणी घालत होता.

"अगं," तो बायकोच्या कानाशी म्हणाला, "ते तण आहे."

"माहीत आहे मला."

"मग सांग त्यांना."

"सांगायचं नाही," ती म्हणाली. "उन्हाळ्याच्या उत्सवाला घरी शिकवणारी कुटुंबं इथे जमतील, त्या दिवशी ही उपटतील तेव्हा कळेल. जन्मात विसरणार नाहीत."

कुंपणापलीकडे शेजारचे काका, निवृत्त इंजिन ड्रायव्हर, खुर्ची टाकून बसलेले असत. त्यांनाही तोंडाला कुलूप लावायची सूचना मिळाली होती. ते त्याला बघून डोळे मिचकावत आणि म्हणत, "काय हो, पीक जोरात आहे यंदा." त्याला हसू आलं नाही. मुलं रोज सकाळी मन लावून कचऱ्याला खतपाणी करत होती, आणि तीन शहाणी माणसं त्यांच्याकडे कौतुकानं बघत होती. शेणखताचा वास त्याला सहन होत असे. हे बघणं त्याला सहन होत नव्हतं. तरी बोलला मात्र तोही नाही.

एका रविवारी तो घरच्या चादरींच्या घड्या घालत होता. हे काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे, पण थोरलीला चादरीची दोन टोकं धरायची परवानगी होती. ती टोकं धरून उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "बाबा, मला शाळेत जायचंय."

"कुठल्या?"

"नदीपलीकडच्या. तिथे माझ्या वर्गात जागा आहे. मी फोन करून विचारलं."

"तू फोन केलास?"

"माझं मलाच शोधायचं असतं ना." तिनं चादर ताणली. "मला एकदा कुणीतरी नुसतं सांगायला हवंय. समोर उभं राहून, फळ्यावर लिहून. हे असं आहे, म्हणून. मग ते चूक निघालं तरी चालेल."

"आईला सांग की."

"आईला सांगितलं तर ती म्हणेल, तुला असं का वाटतं ते आपण शोधूया. मग आपण शोधतच बसू. आणि उत्सवाला सगळे जमले की ती जाहीर करणार आहे, पुढच्या वर्षीपासून सगळ्यांची शाळा आपल्याकडे. एकदा ते जाहीर झालं की संपलं. मी कशी निघणार मग? तू सांग तिला. त्याच्या आधी सांग."

"सांगतो," तो म्हणाला.

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना."

सांगायचं त्यानं अगदी मनापासून ठरवलं होतं. पण दर वेळी मध्ये काहीतरी यायचं. एकदा तो तोंड उघडणार तेवढ्यात साखरेच्या डब्याच्या कडेवरून एक गोगलगाय सावकाश उतरली, आणि तिच्यामागची ती चकाकती रेघ बघून तो आधी फडकं शोधायला गेला. एकदा दात घासायला म्हणून तो न्हाणीघरात गेला, तर टबातल्या शेपटीवाल्या पिल्लांनी आपल्यातलंच एक मेलेलं खायला घेतलं होतं आणि धाकटा शेजारी बसून त्यांना नावं देत होता. किळस ही एका अर्थानं सोयीची गोष्ट असते. ती येत असताना माणसाकडून दुसऱ्या कशाची अपेक्षा नसते.

मग सांडपाण्याच्या केंद्राची सहल निघाली. संडासातलं पाणी पुढे कुठे जातं, हे मुलांना शोधायचं होतं. त्याला स्वतःला ते पाणी कुठेही गेलं तरी चालणार होतं, पण गाडी चालवायला दुसरं कुणी नव्हतं. निघताना आरशात त्याला मागच्या सीटवरचे थोरलीचे डोळे दिसले. आज सांगूच, असं त्यानं ठरवलं. तिथे भल्या मोठ्या गोल हौदात तपकिरी फेस संथ फिरत होता. हौदाच्या कठड्याला टेकून बायकोनं उकडलेल्या अंड्यांचा डबा उघडला.

"घे ना," ती म्हणाली. "मीठ लावलंय."

"मला तुझ्याशी जरा बोलायचं होतं," तो नाकावर रुमाल दाबून म्हणाला.

"काय म्हणतोस? रुमाल काढ, ऐकू येत नाही."

रुमाल काही त्यानं काढला नाही. परतीच्या वाटेवर त्यानं आरशात बघितलंही नाही.

अशा रीतीनं उत्सवाचा दिवस उजाडला. उन्हाळ्याचं स्वागत म्हणून घरी शिकवणारी चार-पाच कुटुंबं दर वर्षी कुणाच्या तरी अंगणात जमत. यंदा पाळी यांची. मुलांनी झाडाला रंगीत कागदाच्या माळा बांधल्या, टेबलावर पाव, फळं आणि लिंबूपाणी मांडलं. पाहुणे अनवाणी आले. एका दाढीवाल्या बाबांनी केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी आणलं होतं. "घरचं चीज आहे," ते म्हणाले, "आम्ही स्वतः कुजवलंय." त्यांनी त्याचा एक तुकडा याच्या तळहातावर ठेवला. या वासाच्या चादरी लाँड्रीत वेगळ्या पिशवीत बांधून येत, आणि त्या पिशवीवर लाल खूण असे. एका रांगत्या बाळानं कुंडीवरची गोगलगाय उचलून चाटली. त्याची आई प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाली, "अनुभव घेतोय."

मग सगळे वाफ्याभोवती जमले. शेजारचे काकाही कुंपणाला टेकले. धाकट्यानं दोन्ही हातांनी पहिलं रोप धरलं, ओढलं आणि मागे पडला. हातात पांढुरक्या मुळ्यांची जटा आली. त्यानं दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. मग तो बहिणीकडे बघायला लागला. मोठी माणसं हळूच एकमेकांकडे बघून हसत होती, आणि ते हसू याला हातातल्या चीजपेक्षा घाण वाटलं.

"काय झालं असेल?" बायको प्रेमळ आवाजात म्हणाली. "विचार करा."

"विचार काय करायचा," थोरली म्हणाली. "आम्ही गाजरं उपटली आणि तण ठेवलं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. ढिगातली पानं चुरगळली तर गाजराचा वास येत होता."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळे रोज इथे उभे राहून बघायचात आणि कुणी काहीच म्हणायचं नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत नाही." तिनं खांदे उडवले. "म्हटलं, तुमचं तुम्हाला सापडू दे."

दाढीवाल्या बाबांनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. काका तर कुंपण बडवायला लागले. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंत?" ती म्हणाली. "याहून मोठा पुरावा काय हवा? आणि म्हणूनच आज मला सांगायचंय की पुढच्या वर्षीपासून..."

थोरली टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती.

"थांब जरा," तो म्हणाला. यंत्रांच्या घरघरीत बोलायची सवय असल्यामुळे त्याचा आवाज फार मोठा निघाला. "ती शाळेत जाणार आहे."

"कोण?"

"थोरली. नदीपलीकडच्या शाळेत. जागा आहे तिथे."

"हे कुणी ठरवलं?"

"मी," थोरली म्हणाली.

बायको तिच्याकडे वळली. "आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"बाबा सांगणार होता."

"कधीपासून?"

"टबातल्यांना पाय फुटायच्या आधीपासून."

आता त्यांना चारही पाय फुटले होते आणि ती न्हाणीघरभर उड्या मारत होती. हिशेब सगळ्यांच्या लक्षात आला. मळक्या चादरीकडे तो ज्या नजरेनं बघे, त्याच नजरेनं बायको आता त्याच्याकडे बघत होती. तळहातावरचं चीज उन्हानं पातळ होऊन बोटांमधून ओघळायला लागलं होतं, आणि हात कुठे पुसावा हे त्याला कळेना.

"लिंबूपाणी घ्या सगळ्यांनी," बायको पाहुण्यांना म्हणाली. जाहीर काहीच झालं नाही.

पाहुणे गेले तेव्हा अजून उजेड होता. तो ताटल्यांवरचं खरकटं खरवडत होता. बायको शेजारी येऊन उभी राहिली. "भीती वाटली का मला सांगायला?"

"भीती नाही. रोज काहीतरी घाण मध्ये यायची."

"घाण," ती म्हणाली. "पोरीनं तुला एक काम सांगितलं होतं. एक. आणि तू नाक धरून हिंडलास."

तो खरवडत राहिला.

"तिथे पुन्हा कुणी म्हणालं तर," ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "फार प्रश्न विचारते म्हणून?"

इतकी वर्षं त्याला वाटत होतं की बायको कशालाच भीत नाही. "मी जाऊन बोलेन," तो म्हणाला.

"तू?" ती हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "बरं. उद्या सकाळी जाऊ. जे बोलायचं ते तू बोल, मी गप्प बसते. पण आधीच्या शाळेतून का काढलं असं त्यांनी विचारलं, तर ते मी सांगणार. तिथे तोंड घालायचं नाहीस."

"नाही घालत."

ती आत गेली. आतून थोरलीचा आवाज आला, "बाबा येणारेय ना पण?"

"येतोय," बायको आतूनच म्हणाली.

त्यानं हात साबणानं धुतले, पुन्हा एकदा धुतले, आणि लाँड्रीत फोन लावला. उद्या सकाळी येत नाही म्हणून सांगितलं. पलीकडच्यानं विचारलं, साहेब, बरं नाही का.

"बरा आहे," तो म्हणाला. "मुलीच्या शाळेत जायचंय."