मुगाचे मोड, लेंग्याची नाडी आणि बोंबलाचे वाटे

घरी शाळा काढली की शिकवणं राहतं बाजूला आणि किस्सेच साठत जातात. मैत्रिणी फोनवर विचारतात, काय काय शिकवलंस गं? मी म्हणते, ते सोड, आधी हे ऐक.

तर आमची इरा सहा वर्षांची, नील चार. इरा घरात अखंड बडबडते, पण बाहेरचं माणूस दिसलं की तोंडाला कुलूप. शाळेत अख्खं वर्ष एक शब्द बोलली नाही. रोज सकाळी पोटात दुखायचं. शेवटी मी म्हटलं, घरीच शिकवते, सगळं हाताने करून. सासूबाईंनी एक आठवडा दिला. रविवारपर्यंत पोर बाहेरच्या माणसाशी एक वाक्य बोलली तर शाळा घरी, नाहीतर सोमवारी पुन्हा युनिफॉर्म. ऐकून इरा माझी ओढणी धरून बसली.

*

सोमवारी विज्ञान. ओल्या फडक्यात मूग बांधले, रोज वहीत चित्र काढायचं. नील दर दहा मिनिटांनी फडकं सोडून बघायचा, "उठले का?"

बुधवारी मोड मस्त आले आणि दुपारी आमचा प्रयोग ताटात! सासूबाईंना वाटलं, उसळीसाठीच भिजवलेत. इराने वहीत शेवटचं चित्र वाटी-चमच्याचं काढलं.

*

गुरुवारी मापं. टेप सापडेना. म्हटलं, कुठलीही दोरी आणा. नीलने आणली. सोफा मोजला, फ्रिज मोजला, पॅसेज मोजायला घेतला, तेवढ्यात आतून सासऱ्यांचा आवाज, "माझ्या लेंग्याची नाडी कुठाय?"

सोफा दोन नाड्या भरला. वहीत तसंच लिहिलंय.

*

शुक्रवारी समान वाटे. इराने राजम्याचे सहा ढीग केले. एक दाणा इकडचा तिकडे झालेला तिला चालेना. तेवढ्यात शेजारच्या जिग्नाबेन आल्या. "बेटा, क्या सीखा आज?"

इरा पडद्यामागे. खाली नुसते पाय दिसत होते. संध्याकाळी सासूबाईंनी युनिफॉर्म इस्त्रीला पाठवला.

*

रविवारी सकाळी सासूबाई, मी आणि इरा मासे आणायला निघालो. जेसल पार्कच्या कोपऱ्यावर उत्तनच्या कोळीण मावशी बसतात. आमची नेहमीची ओळख, म्हणून मीच सांगत होते की ही बाहेर कुणाशी बोलतच नाही हो. मावशी बिचाऱ्या च् च् करत बोंबलाचे वाटे लावत होत्या. ताज्या बोंबलाचे छोटे छोटे ढीग, वजन नाही, सगळा डोळ्यांचा अंदाज. मी एका वाट्याकडे बोट दाखवलं.

इरा माझ्यामागून पुढे आली. उकिडवी बसली. सगळे ढीग बघून झाले आणि लख्ख आवाजात म्हणाली, "मावशी, बाकी सगळ्यांत सहा आहेत. आमच्याच वाट्यात पाच का?"

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी पिशवी उघडून पुढे धरली. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला, भर रस्त्यात डोळे पुसत होते मी.

मावशींनी सहावा बोंबील टाकला, इराला नीट न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "बाय, हिला घरीच ठेव. इथं आनू नको!"