गावबंदीचा ठराव

आमच्या गावाच्या फाट्यावर एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी आणि भज्यांची कढई. मी कळंबच्या कोर्टात वकिली करतो. रोज सकाळची एसटी तिथूनच धरतो. पूर्वी मी दिसलो की पेपर माझ्या हातात यायचा आणि प्रश्न सुरू व्हायचे.

"वकीलसाहेब, पक्ष फोडला तर आमदारकी जाती का न्हाय?"

"पन्नास टक्क्यांच्या वर आरक्षण देता येत न्हाय, हे कुणी ठरवलं?"

मी सांगत बसायचो. घटनेत काय लिहिलंय, कोर्टानं त्याचा अर्थ काय लावला, सरकार त्यातून कसं वाट काढतंय. बस आली की कुणीतरी म्हणायचं, "ऱ्हायलेलं उद्या." खरं सांगायचं तर कोर्टात माझं एवढं कुणी ऐकून घेत नव्हतं.

आरक्षणाचं आंदोलन पेटलं तेव्हा गावोगाव नेत्यांना गावबंदीचे फलक लागले. आमच्याकडंही साखळी उपोषण सुरू झालं. मंडपात मीही एक दिवस बसलो. मागणी मला पटत होती, आजही पटते. त्याच आठवड्यात ग्रामसभा झाली. उपसरपंच माझा वर्गमित्र. शाळेत आम्ही एका पट्टीवर बसलेले. त्यानं ठराव वाचून दाखवला. एकाही पुढाऱ्याला गावात पाय ठेवू द्यायचा नाही. गावातल्या कुणी बोलावलं तर त्याला दंड, आणि त्याच्याशी सगळे व्यवहार बंद.

हात वर व्हायला लागले. मी उठलो.

"मत मागायला येऊ नका, असा फलक लावा," मी म्हणालो, "तो आपला हक्क हाय. राग बोलून दाखवायचा हक्क घटनेनंच दिलाय. पण कुणी कुठं जायचं, कुठं न्हाय, हे ग्रामसभेला ठरवता येत न्हाय. आणि आपल्याच माणसाशी व्यवहार तोडायचा ठराव करणं हा गुन्हा हाय. तेवढं वाक्य काढा."

मागून एक जण म्हणाला, "आपल्याच जातीचा माणूस असं बोलतो, म्हंजे कुणीतरी बोलाय लावलंय."

"मला कोण बोलाय लावंल?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

मी मित्राकडं पाहिलं. तो ठरावाच्या कागदाची घडी घालत होता. "ते वाक्य काढतो," तो म्हणाला, "पण वकील, तुम्ही आज बोलाय नको हुतं."

शाळेपासून तो मला अरेतुरे करत आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही म्हणाला.

वाक्य निघालं. फलक लागला. माझ्यावर बहिष्कार घाला, असं कुणी म्हणालं नाही. तसं म्हणाले असते तर एक बरं झालं असतं, त्याच्याविरुद्ध कायदा आहे, मी अर्ज केला असता. इथं तर काहीच घडत नव्हतं. हॉटेलात चहा मिळायचा, पण पेपर दुसऱ्याच्या हातात असायचा आणि तो मनातल्या मनात वाचायचा. मी "राम राम" म्हणालो की "राम राम" परत यायचा. गिरणीत दळण मिळायचं. दुकानात माल मिळायचा. फक्त कुणी थांबून बोलत नव्हतं. लोकांनी माझ्याशी बोलावं, असा आदेश कुठल्या कोर्टाकडं मागायचा?

मला कोर्ट तरी होतं. बाररूममध्ये चार वकील, दोन पक्षकार, वेळ निघून जायचा. बायकोला गावच होतं. बचत गटाची बैठक आमच्या ओसरीत भरायची, ती दुसरीकडं भरू लागली. डाळी करायला, पापड लाटायला शेजारणी एकमेकींकडं जात. हिला हाक येईना. एकदा ती स्वतःहून गेली, तर सगळ्या बोलता बोलता थांबल्या. घरी येऊन तिनं मला एवढंच सांगितलं, "पाणी दिलं. बस म्हणाल्या. मी बसले न्हाय."

उन्हाळ्यात ती लातूरला पोरीकडं गेली. नातू लहान आहे हे निमित्त होतं.

त्याच सुमारास मित्र कळंबला बाररूमच्या दारात येऊन उभा राहिला. आंदोलनात त्यांनी येडशीच्या रस्त्यावर रास्ता रोको केला होता. त्याच्यावर आणि गावातल्या काही जणांवर गुन्हा दाखल झालेला. समन्स आलं होतं.

"दुसऱ्या वकिलाकडं गेलो हुतो," तो म्हणाला. "त्याला आमचं म्हणणंच समजंना."

"बसा," मी म्हणालो. मलाही तू म्हणणं जमलं नाही.

मी वकीलपत्र घेतलं. शांतपणे एकत्र जमायचा हक्क कसा आहे, तो कुठं संपतो, त्यांनी दगड उचलला नाही, दवाखान्याची गाडी सोडली होती, हे सगळं मी मन लावून लिहून काढलं. ते वापरायची वेळच आली नाही. आंदोलनातले खटले मागे घ्यायचं सरकारनं ठरवलं, सरकारी वकिलांनी अर्ज दिला आणि कोर्टानं परवानगी दिली. सगळे सुटले. बाहेर येऊन मित्रानं माझा हात दोन्ही हातांत धरला. चहा पाजला. शाळेतल्या मास्तरांच्या नकला केल्या. मी किती दिवसांनी मोठ्यानं हसलो.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. पोरं काय करतात, गुडघे कसे दुखतात, सगळं बोलणं झालं. फाटा जवळ आला तसा तो उठला. म्हणाला, "जरा पुढं जातो." दारापाशी जाऊन तो खांबाला धरून उभा राहिला. बस थांबली, तो उतरला, हॉटेलातल्या माणसांत मिसळला. मी सगळ्यांत शेवटी उतरून घराकडं चालू लागलो. मागं कुणी माझं नाव घेतलं नाही.

विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर पुढाऱ्यांच्या गाड्या गावात आल्या. फलकाच्या शेजारीच हार घातले गेले. मी ते घराच्या माळवदावरून पाहिलं. आनंद झाला असता तर बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांना बायको आली. महालक्ष्म्यांना साड्या नेसवल्या, आरास केली, पुरणाचा स्वैपाक केला. संध्याकाळी हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात बसली. पूर्वी ओसरी भरून जायची. त्या दिवशी भावकीतल्या दोघी आल्या, उभ्या उभ्या ओटी घेऊन गेल्या. विसर्जन झाल्यावर तिनं पिशवी भरली.

मी तिला येडशी स्टेशनला सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. रामलिंगाकडून आलेली माकडं प्लॅटफॉर्मवर फिरत होती. मी म्हणालो, "मी चुकीचं काय बोललो होतो?"

"बोललात ते खरंच हुतं," ती म्हणाली. "पण तुम्ही बोलून कळंबला जात हुतात. घरी मी हुते. उठायच्या आधी एकदा माझ्याकडं बघायचं तरी."

"बघितलं असतं तर उठलोच नसतो."

तिनं पिशवीचे बंद आवळले. मग म्हणाली, "ते बी खरंय."

गाडी आली. मी पिशवी वर दिली. खिडकीतून ती म्हणाली, "दूध उतू जाऊ देऊ नका. आणि मधनंमधनं फोन करा, मीच करत बसायचं का?"

दुसऱ्या दिवशी जमिनीच्या वाटपाच्या दाव्याची तारीख होती. मी नेहमीची एसटी धरली. आता मी फाट्यावर गाडीच्या वेळेलाच पोचतो, म्हणजे हॉटेलात बसावं लागत नाही.