मामांचा डावा पाय

डावेमामांना गाडीचं दुखणं डाव्या पायानं कळायचं. बूट काढायचा, मोजा काढायचा, अनवाणी पाऊल क्लचवर ठेवायचं आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाइकानं मधे तोंड उघडलं की ओरडायचे, "गप्प! पाय ऐकतोय." त्यांना हे नाव पडलं तेही त्या पायावरूनच.

त्या हिवाळ्यात दात वाजतील अशी थंडी पडली आणि पाववाला आपली म्हातारी व्हॅन घेऊन आला. "मामा, सकाळी गार गाडीत क्लच दाबला की पायडल वर यायचं नावच घेत नाही. बुटाच्या टोकानं उचलावं लागतं."

मामांनी पाय ठेवला. "जड झालाय. केबल बदलू."

केबल बदलली, तरी जड. प्रेशर प्लेट बदलली, तरी जडच. मग मामांनी गिअरबॉक्सखाली गरम विटा ठेवल्या, बॉनेटवर घरातली रजई घातली. व्हॅन बाळंतिणीसारखी शेकत बसली, पण पायडल काही सुधारेना. त्या आठवड्यात गॅरेजात आलेल्या प्रत्येक गाडीचा क्लच जड निघाला. एका स्कूटरचा क्लच तर हँडलला. मामांनी तिथंही पाय वर करून पाहिला. जड!

मामी जेवताना म्हणाल्या, "अहो, सगळ्या गाड्या एकदम आजारी कशा पडतील? तुमचा गुडघा धरलाय. जिना चढताना कुरकुरतो, मला ऐकू येतो."

"शिलाईमशीनवर बसणारी तू, मला क्लच शिकवतेस?" मामा ताटावरून उठले. पण खरं सांगायचं तर त्यांची पाचावर धारण बसली होती. पाने-पक्कड काय, कुणाकडेही असतात. पायच गेला तर आपल्यात उरलं काय?

रात्रभर कूस बदलून सकाळी तेच मामींना गॅरेजात घेऊन गेले. व्हॅनचं दार उघडून, दुसरीकडे बघत म्हणाले, "बस."

मामींनी जन्मात गाडी चालवली नव्हती. चप्पल काढून त्यांनी पायडल दाबलं, सोडलं, परत दाबलं.

"दाबायला हलकं आहे हो. वर येताना मात्र मधेच अडतं. सांध्यातलं तेल थिजलं की माझ्या मशीनचं अस्संच होतं."

मामा कण्हत खाली वाकले. पायडल ज्या खिळीवर फिरतं, तिच्यावर जुनं ग्रीस थंडीनं मेणासारखं घट्ट बसलं होतं. त्यांनी ते खरवडलं, ताजं तेल सोडलं. मामींनी पाय उचलताच पायडल टुणकन वर आलं.

व्हॅन न्यायला आलेल्या पाववाल्याला हसू आवरेना. "कमाल झाली! मग मामा, आता क्लच दाखवायला कुणाकडे यायचं? तुमच्याकडे की मामींकडे?"

मामांनी चोळता चोळता गुडघ्यावरचा हात काढला. बायकोकडे पाहिलं. ती अजून पायडल दाबून बघत होती, पोरीसारखी खूश होऊन.

"तिच्याकडे ये," मामा म्हणाले. "मी असेनच पाने द्यायला."