वंदनाच्या नावापुढचे दोन गुण

गेल्या महिन्यात वंदनाच्या नवऱ्याचा, विलासभाऊंचा फोन आला, तेव्हा मी नागपुरात माझ्या शाळेच्या मैदानावर होते. "ताई, वंदना गेली," ते म्हणाले. शहापूरच्या शाळेत मुलींचा सराव घेताना तिला चक्कर आली आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

कॉलेजात आम्ही दोघी एकाच बास्केटबॉल संघात होतो. ती सेंटर. उंच, रुंद खांद्यांची. आपल्या बास्केटखाली ती उभी राहिली की समोरच्या मुली आत शिरायचं धाडस करत नसत. तिच्या बचावाला कुणी नावं ठेवली नाहीत. प्रश्न असायचा चढाईचा. नेम कच्चा, अगदी जवळून टाकलेला बॉलही रिंगवर आपटून बाहेर यायचा. विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीत पहिल्या दोन सामन्यांनंतर तिच्या नावापुढे फक्त दोन गुण होते. माझ्या नावापुढे सगळ्यांत जास्त.

तिसऱ्या सामन्याला निवड करणाऱ्या सरांनी तिला बाकावर बसवलं. "सेंटर बास्केट करत नसेल तर चढाईत आपण चौघीच खेळतो," ते म्हणाले. मलाही ते पटलं होतं. पण खेळ सुरू झाला आणि मला बॉल टाकायला जागाच मिळेना. मला अडवणारी समोरच्या संघातली मुलगी अंगाला चिकटलेली. एरवी वंदना तिच्या वाटेत येऊन उभी राहायची, ती वंदनावर आदळायची आणि तेवढ्या क्षणात मी मोकळी व्हायचे. माझा चुकलेला बॉलही वंदनाच उडी मारून परत माझ्या हातात द्यायची. याची नोंद कुठेच नव्हती. माझे गुण अर्धेअधिक तिचे होते, हे मला तोवर कळलं नव्हतं... की कळून घ्यायचं नव्हतं?

टाइमआउट झाला तेव्हा आम्ही सात गुणांनी मागे होतो. मी सरांकडे गेले. "सर, वंदनाला आत घ्या."

"तू आपलं पाहा. तुझंही नाव अजून पक्कं नाही."

मी जाऊन तिच्याशेजारी बाकावर बसले. माझ्याकडे न बघता ती पुटपुटली, "काहून बसली? नाव कापतीन तुझं. उठ."

"तू नाही त मी कोनाच्या भरोशावर खेळू?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग आम्हा दोघींकडे, आणि आत जायची खूण केली. शेवटच्या क्षणी एका मुलीचं कोपर वंदनाच्या बरगडीत बसलं, तरी ती जागची हलली नाही. तिच्या आडून मी बॉल टाकला. आम्ही एका गुणानं जिंकलो.

संध्याकाळी यादी लागली. माझं नाव होतं, तिचं नव्हतं. मी सरांना गाठलं. "वर आकडे दाखवावे लागतात," ते म्हणाले. मला नकार देता आला असता. दिला नाही. विद्यापीठ संघात खेळल्याच्या प्रमाणपत्रावरच पुढे मला क्रीडाशिक्षिकेची नोकरी लागली. "जा न, कायले रडून राहिली?" एवढंच वंदना म्हणाली. तो विषय तिनं परत काढला नाही. मलाही धीर झाला नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाहून परतताना मी तिच्या शाळेपाशी थांबले. तिच्या मुली खेळत होत्या. एका बारक्या मुलीनं बास्केट केला आणि टाळ्यांकडे न बघता ती धावली ती तिच्यासाठी आडवी उभी राहताना धक्का लागून पडलेल्या मैत्रिणीकडे. तिला हात देऊन उठवलं, मगच दोघी मागे पळाल्या. मी कारण विचारलं.

"मॅडमनं सांगतलं हाये," बाहेर बसलेली मुलगी म्हणाली, "जिनं वाट केली तिले हात देल्याबिगर बास्केट मोजाचा नाही."