मिनिटाला अठरा

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला सगळे पाठीमागे अठराबाई म्हणायचे. बावीस वर्षांची नोकरी, कडक इस्त्री, मोत्यासारखं अक्षर. पेशंट कोणताही असो, त्याच्या तक्त्यावर श्वासाच्या रकान्यात ती मिनिटाला अठरा लिहायची. तेही खुर्चीत बसून, हातातलं बिस्किट खाली न ठेवता. देवाने प्रत्येकाला श्वास मोजून दिलेत म्हणतात. हिने एकही कधी मोजला नाही.

माझ्या सासूबाईंच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस होता. सकाळी त्या मला ओळखेनात. भलतंच बडबडत होत्या. हातपाय गार, आणि छाती नुसती भात्यासारखी चाललेली. मी भिंतीवरच्या घड्याळावर श्वास मोजले. बत्तीस.

"सिस्टर, आईंचं काहीतरी बिघडलंय हो."

"ताप आहे का? नाही ना? मग?"

"पण श्वास बत्तीस आहे."

"ताई, मोजायचं आमच्यावर सोडा. म्हातारी माणसं बडबडतातच. बावीस वर्षं झाली, मला नुसतं बघून कळतं."

बघितलं तिने माझ्याकडे. सासूबाईंकडे मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत.

डॉक्टर राऊंडला आले. मी सांगायला लागले, तोवर त्यांनी तक्ता उचलला. "अठरा आहे की. छान आहेत आजी." आणि निघाले. कागदापुढे माणसाची काय किंमत!

शेजारची खाट रिकामी होती. तिथले आजोबा सकाळीच घरी गेले होते, तक्ता मात्र पायथ्याशी तसाच लटकत होता. मी तो काढून डॉक्टरांपुढे धरला. आज दुपारी बारा वाजताची नोंद, श्वास अठरा. घड्याळात अजून अकराही वाजले नव्हते.

"डॉक्टर, ही रिकामी खाटसुद्धा अठरा श्वास घेतेय बघा."

वॉर्ड हसला. डॉक्टर हसले नाहीत. मागे फिरून त्यांनी सासूबाईंचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजले आणि मग एकच धावपळ उडाली. जंतुसंसर्ग रक्तात गेला होता. "म्हाताऱ्या माणसांना ताप येतोच असं नाही. आधी श्वास वाढतो, भ्रम होतो," ते सिस्टरसमोर म्हणाले. अठराबाई अशी मान डोलवत होती, जणू तिनेच शोधून काढलं!

आठवडाभर सलाइनमधून औषधं गेली. देवाची कृपा, सासूबाई शुद्धीवर आल्या आणि सगळ्यात आधी त्यांनी माझ्या वेणीला नावं ठेवली.

घरी निघताना मी खाटाखाटांवरच्या तक्त्यांवरून नजर फिरवली. अठराबाईने सुधारणा केली होती. आता सगळ्यांचे वीस.