रतिलालची जायची गाडी

माझा धाकटा भाऊ रतिलाल भुसावळला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बत्तीस वर्षं क्लार्क होता. त्याला जाऊन आता सहा वर्षं होतील. कॉलनीत अजून त्याची आठवण निघते, पण ती हसण्यावारी. "ते स्पॅनिश आबा हो, म्हातारपणी फलाटावर फिरत बडबड करायचे ते!" हसू दे लोकांना. मीही हसायचे. पण तो ती बडबड कशासाठी करत होता, ते एक मला माहीत आणि एक त्याला.

रतिलालची स्मरणशक्ती फार दांडगी असं सगळे म्हणायचे. दांडगी कसली? लहानपणी आईने मीठ आणायला पाठवला तर गूळ घेऊन यायचा. नोकरीत लागल्यावर त्याने एक युक्ती काढली. प्रत्येक व्यापाऱ्याचा पोत्यावर एक मार्का असायचा, तो लक्षात राहीना. मग तो डोळे मिटून भुसावळहून गाडीत बसायचा, मनातल्या मनात. भादली, जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी, पाचोरा, गाळण. पाचोऱ्याच्या माणसाचा मार्का तीन रेघा, तर पाचोऱ्याच्या फलाटावर तीन म्हाताऱ्या पाय पसरून बसवायच्या. गाडी पाचोऱ्याला आली की म्हाताऱ्या दिसल्याच. साहेब रजिस्टर उघडेपर्यंत हा मार्का सांगून मोकळा.

त्याचा एकुलता एक मुलगा सुकदेव. भावजय बिचारी ब्याऐंशी साली गेली. सुकदेव फिटरचं शिकला आणि मालाच्या जहाजावर लागला. चौऱ्याऐंशीत त्याचं पत्र आलं की चिली नावाच्या देशात, वालपराइसो म्हणून बंदर आहे, तिथल्या एल्विरा नावाच्या मुलीशी लग्न केलं, आता तिथेच गोदीत काम करणार. रतिलालने पत्र वाचलं, घडी घातली आणि देवघराच्या खाली ठेवलं. उत्तर दिलं नाही. मी म्हटलं, "अरे, चार ओळी टाक." तर म्हणे, "अक्का, त्याने विचारून केलं का? मग मी सांगून कशाला रुसू?"

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. तिचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, असतात. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा सव्वा मुठी गहू घ्यायचा, एकेकाचं नाव घेऊन सुपात टाकायचा, तो दळायचा आणि त्याचे रोट करायचे. ते घरच्यांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. बाहेर द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा बाहेरचीच. मी धुळ्याहून चाळीसगाववरून गाडी बदलून दरवर्षी त्याच्याकडे जायचे, कारण करणारं बाईमाणूस दुसरं नव्हतं. रांधायला मी चालायचे, खायला नाही. माझ्यासाठी वेगळी भाकरी.

मुलगा परगावी असो की परमुलखात, त्याची मूठ घेतात. ती त्याची घरातली जागा. त्या वर्षी रतिलालने स्वतःचं नाव घेऊन सव्वा मूठ टाकली आणि हात झटकले. सूप माझ्या हातात होतं. मी थोडी थांबले. तो म्हणाला, "झालं. ने."

मी नेलं. असे पाच श्रावण गेले. पाचही वर्षं सूप माझ्याच हातात होतं, हे मी इथे लिहून ठेवते.

एकोणनव्वदच्या जानेवारीत मुंबईच्या एजंटाचं इंग्रजी पत्र आलं. गोदीत साखळी तुटून माल अंगावर पडला, सुकदेव गेला. तिथेच पुरला. रतिलाल सुतकाचे दिवस भिंतीकडे तोंड करून बसून होता. रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या सुमाराला एल्विराचं पत्र आलं. सोबत फोटो, चार वर्षांची मुलगी, नाव इनेस, कपाळ अगदी सुकदेवचं. पत्र स्पॅनिशमध्ये. भुसावळात रेल्वेमुळे सगळ्या देशाची माणसं, पण ते वाचणारं कोणी मिळेना. रतिलालला ऑफिसातलं इंग्रजी येत होतं. त्याने मुंबईहून इंग्रजीवरून स्पॅनिश शिकवणारं पुस्तक आणि डिक्शनरी मागवली. एकेक शब्द काढत अकरा दिवसांत पत्र लावलं आणि धुळ्याला येऊन मला वाचून दाखवलं.

तिने लिहिलं होतं, "पावसाळ्यात तुमच्याकडे एक सण असतो ना, ज्यात प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू घेतात? दर ऑगस्टमध्ये सुकदेव म्हणायचा, आज बाबांनी माझी मूठ टाकली असेल. पत्र नाही लिहीत, पण मूठ टाकतात ते. इनेस मला विचारते, खरंच टाकायचे का? तिला काय सांगू?"

रतिलालने कागद खाली ठेवला. मी चुलीकडे बघत बसले.

शेवटी मीच म्हटलं, "लिही, टाकत होतो म्हणून. सात समुद्रापलीकडे कोण बघायला येतंय? पोरीचं मन राहील."

"बत्तीस वर्षांत एक पावती खोटी फाडली नाही, अक्का."

"ही काय पावती शे?"

"पावतीच शे," तो म्हणाला. "त्याने माल पोचला समजून सही केली. मी पाठवलाच नव्हता."

एल्विराने टेलिफोन नंबर मागितला होता. पोरीला आजोबांचा आवाज ऐकायचा होता. रतिलालने कय्युमभाईचा नंबर कळवला. कय्युमभाईचं स्टेशनजवळ मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि दोघांची चहाची जुनी दोस्ती. खरं सांगायचं ते पत्रात नाही, तोंडाने सांगायचं, आणि तिच्या भाषेत, असं रतिलालने ठरवलं. मग सुरू झाली ती शिकवणी.

त्या भाषेत म्हणे आजचं बोलायला तितकं जड नाही. पण काल काय केलं ते सांगायचं झालं की रोजच्या वापरातले शब्दच नेमके वाकडे. जाणे हा एक शब्द, आणि 'मी गेलो' म्हणायला भलताच दुसरा, फुई. रतिलाल वैतागायचा, "माझं तर सगळं कालचंच सांगायचंय!" पाठ होईना. साठीचं डोकं. मग त्याने जुनी युक्ती काढली. पुन्हा गाडीत बसला.

भादलीच्या फलाटावर त्याने मला उभं केलं. सुकदेवची आत्या, म्हणजे आमच्या बोलीत फुई. मी गेलो, फुई. जळगावला सुपांचा बाजार भरवला. मला कळलं, सुपे. शिरसोलीला गर्दी, मागचा माणूस पुढे ढकलतोय. मला जमलं, पुदे. म्हसावदला तुवरीची पोती उतरवली. माझ्याकडे होतं, तुवे. माहेजीला एक म्हातारा खाट विणत बसवला. मी आलो, विने. पाचोऱ्याच्या तीन म्हाताऱ्या उठवल्या आणि तिथे चहावाला ग्लास पुसायला बसवला. मी ठेवलं, मी घातलं, पुसे. गाळणला एक बाई मुळा किसत होती. मला हवं होतं, किसे.

"तीन म्हाताऱ्या कुठे गेल्या?" मी विचारलं.

"रिटायर झाल्या," तो म्हणाला. सुकदेव गेल्यापासून त्याच्या तोंडून आलेला तो पहिला विनोद.

तो उन्हाळ्यात धुळ्याला आला की मी भाजी निवडत मास्तरीण व्हायचे. मला ते पुस्तक उलटं धरलं काय, सुलटं धरलं काय, सारखंच. पण स्टेशनं मला पाठ.

"म्हसावद."

"तुवे."

"पाचोरा."

"पुसे."

"गाळण. अरे, गाळण म्हटलं मी. झोपला का?"

"मुळा संपला होता," म्हणायचा, आणि मग हळूच, "किसे."

भुसावळला असला की फलाटावरून पुढच्या फाटकापर्यंत चालत जायचा, चालत यायचा, आणि स्टेशनं घ्यायचा. वर्षभर. एल्विराला सांगायचं वाक्य त्याने तयार केलं होतं. नो किसे, नो पुसे त्रिगो पारा सुकदेव. मला मूठ घ्यायचीच नव्हती, सुकदेवच्या नावाने मी गहू टाकला नाही. त्यानंतर माफी मागायचे दोन शब्द. एवढ्यासाठी एक वर्ष.

पत्राने ठरल्याप्रमाणे एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत, रविवारी संध्याकाळी साडेपाचला फोन येणार होता. मी मुद्दाम गेले. कय्युमभाईने रविवार असून दुकान उघडलं, फोन पुसून ठेवला, स्टुलावर रुमाल अंथरला. रतिलाल धुतलेलं धोतर नेसून बसला. ओठ हलत होते. भादली, जळगाव, शिरसोली.

फोन वाजला. आधी खरखर, मग पोरीचा बारीक आवाज. आजोबा असं काहीसं म्हणाली असावी, कारण रतिलालने डोळे मिटले. मग आई आली असणार. रतिलाल उभा राहिला, साहेबासमोर उभा राहावा तसा, आणि म्हणाला. एकही शब्द अडखळला नाही. माझ्या कानांनी ऐकलं, दोन्ही स्टेशनं बरोबर आली, आणि मागचे माफीचे शब्दही.

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, लाईन गेली. मग ती बोलायला लागली. किती बोलली! भरभर, न थांबता, एक मिनिट, दोन मिनिटं. रतिलालने फोन कानाला इतका दाबला की कान लाल झाला. मग आवाज बंद झाला. हा तसाच उभा.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

त्याने फोन खाली ठेवला. "अक्का, मी जायची गाडीच पाठ केली. यायची केलीच नाही."

आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं, की ती उत्तर देईल. आम्ही सांगायचं तेवढं घोकलं. ऐकायचं राहूनच गेलं.

कय्युमभाई म्हणाला, "भाऊ, रडत होती की रागावली होती? आवाजावरून कळतंच ना."

"इतक्या लांबून सगळं सारखंच येतं," रतिलाल म्हणाला.

त्याने पत्र लिहिलं, काय बोललीस ते लिहून पाठव म्हणून. चार महिन्यांनी ते तसंच परत आलं, वर शिक्का मारलेला. डिक्शनरी काढून त्याने शिक्क्याचा अर्थ लावला. त्या पत्त्यावर राहत नाहीत. पुन्हा फोन आला नाही. कय्युमभाई रविवारी दुकान उघडतच राहिला. माणूसच तसा.

त्या श्रावणात मी भुसावळला गेले. गहू निवडला, सूप धरलं. रतिलालने स्वतःची सव्वा मूठ टाकली. मग परत हात डब्यात घातला. मला वाटलं, सुकदेवची घेतोय. गेलेल्या माणसाची घेत नाहीत, पण मी सूप तसंच धरलं.

तो म्हणाला, "इनेस."

"अरे, पोरींची मूठ घेत नाहीत."

"मग कोणाची घेऊ? सांग ना. कोण शे या घरात?"

मी सूप पुढे केलं. या वेळी थांबले नाही.

दोघांचे रोट झाले, खाणारा एक. खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी आणि रोट, रोज तेच. त्यात त्याला ताप आला. पौर्णिमेच्या दिवशी दीड रोट शिल्लक. वाळून कडक झालेला. बाहेर द्यायचा नाही, टाकायचा नाही. तो बसून एकेक तुकडा तोंडात घोळवत होता आणि गिळवत नव्हता. त्याच्या कपाळावर घाम. इनेसचा वाटा तो संपवल्याशिवाय उठणार नाही, हे मला दिसत होतं.

मी माझी भाकरी बाजूला सारली आणि त्याच्या ताटातला अर्धा रोट उचलला.

"अक्का, तुला चालत नाही."

"माहितीये," मी म्हटलं आणि तोडला. चावता चावत नव्हता. दोघं समोरासमोर बसून खात राहिलो. मग त्याने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"तुझीही मूठ कोणी कधी घेतली नाही, नाही का गं?" तो म्हणाला.

मी तांब्या जवळ ओढला. तोंडात घास होता.